बैठकीतला डावा कोपरा

माझं लग्न कबड्डीपायी मोडता मोडता राहिलं. मी कबड्डी खेळत नाही, तो मुलगाही खेळत नाही. खेळायचे ते आम्हा दोघांचे वडील, आणि तेही तरुणपणी.

मुलगा मीच पसंत केलेला. यवतमाळला आम्ही एकाच ऑफिसात होतो. दोन्ही घरांना कसंबसं राजी केलं आणि एका रविवारी त्याचे आईवडील त्याला घेऊन दारव्ह्याहून आमच्याकडे, बाभुळगावला आले. बाबांनी आधीच बजावलं होतं, "मानसं पटली तं पाहू. नाही तं नाही." मी आदल्या दिवसापासून धड जेवले नव्हते.

पोहे बरे झाले होते. यंदाच्या सोयाबीनबद्दल सगळ्यांचं एकमतही झालं. तेवढ्यात त्याचे वडील बोलून गेले, की आपल्या काळात दारव्ह्याच्या डाव्या कोपऱ्यासारखा खेळाडू जिल्ह्यात झाला नाही. डावा कोपरा म्हणजे बचावाच्या साखळीत टोकाला उभा राहून चढाई करणाऱ्याचा पाय धरणारा. तेव्हा खेळाडू गावाच्याच नावानं ओळखले जात, आणि बाभुळगावचा डावा कोपरा हा तर बाबांचा देव.

"तुमचा कोपरा?" बाबा म्हणाले. "तो तं मांडी धरे अन् फरफटत जाये. आमचा घोटा धरे. धरला का धरला."

"काहीही सांगून राह्यले भाऊ तुमी! आमच्यावाल्यानं धरलेला एक तरी सुटला काय?"

आईनं मला चहा आणायला पिटाळलं. मी ट्रे घेऊन आले तोवर टीपॉय भिंतीला लागला होता आणि साठीची दोन माणसं समोरासमोर उभी होती.

"हा सतरंजीचा काठ म्हंजे मधली लाइन," त्याचे वडील म्हणाले. "मी चढाई करतो. धरा तुमच्यावाल्यासारखा घोटा."

"अहो, गुडघा!" त्याची आई म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

बाबांनी खरंच धरला. दोन्ही हातांनी, पाहुणा आहे याचं काडीचंही भान न ठेवता. पाहुणे पांढऱ्याशुभ्र पॅंटसकट आडवे झाले. त्याची आई ताडकन उठली आणि तिनं पर्स काखेत मारली. मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि मी चहाकडे. संपलं सगळं, असं वाटलं. बाबांचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

पाहुणे हलेनात. मग त्यांचा हात हळूहळू पुढे सरकला आणि बोटं सतरंजीच्या काठाला लागली.

"लाइन टच!" ते पडल्या पडल्याच ओरडले. "पाय अजून तुमच्याच हातात हाय. तुमचा कोपरा आउट!"

नियम खरा होता. पकडलेला चढाईवाला मधल्या रेषेला पोचला, की पकडणाराच बाद. पण बाबा आणि हार कबूल करणार? घरच्या कॅरममध्येसुद्धा ते शेवटपर्यंत भांडतात. मी भीत भीत पाहिलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी घोटा सोडला, हात वर केला आणि बाद झालेल्या खेळाडूसारखे मुकाट्यानं ओसरीत जाऊन उभे राहिले.

त्याचे वडील उठून बसले. त्यांना हसू आवरेना.

"पोरी," ते मला म्हणाले, "आउट झालेला मानूस परत आत कवा येते, माहीत हाय ना? त्याच्या बाजूनं कोनी पाइंट घेतला तं. आमच्या घरी येशीन काय? सांग, म्हंजे तुह्या बाबाले आत घेतो."

"येईन," मी म्हणाले, नको तितक्या मोठ्यानं. माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या आईनं पर्स खाली ठेवली आणि ट्रेमधला कप स्वतःच उचलला.

"या इवाई, आत या," त्याच्या वडिलांनी दाराकडे पाहून हाक दिली. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

बाबा आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते सतरंजीवर बसले, इवायांचा पाय मांडीवर घेतला आणि आईला म्हणाले, "तेल गरम करून आन वं."