झाकण लावल्यावर दिसलेली दीर्घिका

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. माझा धंदा बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचा. गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं आणि पहिलं वाक्य असतं, "नजर लागली हो." मी मोटार उघडतो, काळी पडलेली तार हातात देतो आणि म्हणतो, "ही घ्या नजर. तीनऐवजी दोन फेजवर चालवली की लागतेच." अशा माणसाच्या बाबतीत हे घडलं, म्हणून भीतीपेक्षा मला चिडच जास्त आली. अजूनही येते…

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात, डांबरी सोडून बरंच आत. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. घरांना कुलपं लागतात, अंगणातले दिवे बंद होतात आणि आकाश असं काही उघडतं की बघत राहावं. माणसं नसली की आकाश चांगलं दिसतं हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

त्या आकाशापायीच मी एक जुनी दुर्बीण घेतली. पुण्यातले एक गृहस्थ घर बदलत होते, त्यांच्याकडून. नुसतं बघण्यासाठी नाही, फोटो काढायला. तेही चंद्राचे नाहीत, दीर्घिकांचे. पन्नाशीला आलेल्या माणसाला खाज सुटली की ती अशी सुटते. दुर्बीण हलू नये म्हणून गच्चीच्या बरोब्बर मधोमध कमरेएवढा सिमेंटचा खांब उभा केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू त्याला हळदकुंकू वाहून गेल्या.

हा खांबच सगळ्या भांडणाचं मूळ. आमची मंडळी — शोभा — बचत गटाच्या बायकांबरोबर कुरडया, पापड, सांडगे करते. संक्रांत झाली की त्यांची वाळवणं सुरू होतात आणि गच्ची एकच. ती म्हणाली, "आवं, मधी खुटा ठोकल्यावर आमी साड्या आथरायच्या कुठं? तुमच्या डोक्यावर?"

मी म्हणालो, फोटो येऊ दे, मग बघू.

"कवा येणार?"

"संक्रांतीपर्यंत."

"आला तर खांब ऱ्हाईल. न्हाई आला तर पहार घेऊन तुमीच पाडायचा. म्या न्हाई गवंडी आणणार." 

झालं. ठरलं.

देवयानी दीर्घिका सगळ्यांत सोपी, पण ती एवढी मोठी की माझ्या कॅमेऱ्यात मावत नाही. म्हणून मी तिच्या खालची, त्रिकोण तारकासमूहातली धरली. ती मावते, पण फार पुसट. तिचा एक फोटो काढून भागत नाही. मिनिटा-मिनिटाचे ढीगभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. शिवाय शेवटी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून तेवढेच काळे फोटोही काढायचे. कॅमेरा तापला की स्वतःचे ठिपके टाकतो, ते ह्या काळ्या फोटोंत उतरतात. कॉम्प्युटर मग उघड्या फोटोंतून हे काळे वजा करतो. झालं, आकाश स्वच्छ. निदान यूट्यूबवर तरी होतं.

माझ्या दुर्बिणीचं मूळ झाकण शेजारच्या वासरानं चघळलं होतं. शोभाच्या लाडवाच्या डब्याचं स्टीलचं झाकण तंतोतंत बसलं. त्यावरून वेगळं ऐकून घेतलं, ते सोडा.

तर रोज दिवेलागण झाली की मी वर. एक दिवस पारावरचा हॅलोजन, एक दिवस कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं, एक दिवस ऐन मध्यात लाईट गेली. ज्या दिवशी सगळं जुळून आलं, त्या दिवशी फोटो रचले आणि बघतो तर दीर्घिकेच्या जागी काळा भोवरा! आकाश काळं असतंच, पण हा त्याहून काळा. पाण्यात शाई फिरवल्यासारखा.

मी दुर्बिणीतला आरसा पुसला. दुसऱ्या दिवशीही तेच. वायरी बदलल्या, कॅमेरा खोलला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. भोवरा तिथंच. खाली आलो की शोभा विचारायची, "आलं का काही?" आणि मी ताटाकडे बघून म्हणायचो, "भाजी चांगली झालीये." दुकानात एका मोटारीचं वायंडिंग उलटं भरलं. आयुष्यात पहिल्यांदा! संक्रांत जवळ येत चालली होती आणि पहार कोपऱ्यात उभी होती.

शेवटी मेहुण्याला बोलावलं. बाळू. बीडला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नांच्या ऑर्डरी करतो. आल्या आल्या म्हणाला, "दाजी, तयार झालेलं नका दाखवू. कच्चा माल काढा."

उघडे फोटो बघितले. आजूबाजूचे तारे सुईच्या टोकासारखे, मधली जागा रिकामी. पुसट डागसुद्धा नाही.

मग त्यानं काळे फोटो उघडले…

झाकण लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत ती होती. फिरत्या बाह्या, मधला पिवळसर उजेड, कडेचे गुलाबी ठिपके. माझ्या दुर्बिणीची एवढी लायकीच नाही! म्हणजे इतके दिवस माझा कॉम्प्युटर इमानेइतबारे आकाशातून दीर्घिका वजा करत बसला होता.

"दाजी, तुमी झाकण लावायचं इसरलात," बाळू म्हणाला.

"विसरलो असतो तर बाकीचे तारे कुठंयत?"

तो परत बघायला लागला. एकही तारा नव्हता. नुसती ती.

"इथं काहीतरी गडबड हाय," म्हणून तो उठला. त्याच संध्याकाळी त्यानं स्वतःचा कॅमेरा लावला. स्वतःचं नवं कार्ड. झाकण स्वतः बसवलं, माझ्याच दुकानातल्या काळ्या टेपनं कडा बंद केल्या, वरून गोधडी टाकली. "दाजी, तुमी तिकडं भिंतीपाशी बसा. हात लावायचा न्हाई." मी माझ्याच गच्चीवर चोरासारखा बसलो.

फोटो निघाला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर, गोधडीखालून, टेपखालून, स्टीलखालून — दीर्घिका.

बाळूनं दुर्बीण दुसरीकडे वळवली. काळं. परत तिथं आणली. परत ती. हे त्यानं तीनदा केलं. मग गोधडीची घडी घातली, कॅमेरा पिशवीत भरला आणि म्हणाला, "उद्या सकाळी हळदीची ऑर्डर हाय." चपळाईनं जिना उतरायला लागला. त्याला स्वयंपाकघराच्या दारात बहिणीनंच अडवलं.

"का पळतो रं? काय झालं?"

आता इथं मला गप्प बसता आलं असतं. फोटो दाखवायचा, पैज जिंकायची, खांब वाचवायचा. पण बाळूचा चेहरा कुणालाही वाचता आला असता, आणि तिला तर लहानपणापासून वाचता येतो. फोटो टीव्हीवर लावला.

"आगं बाई… कुरडई!"

"कुरडई नाही, दीर्घिका. आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे आहेत त्यात. हा उजेड निघून पंचवीस-तीस लाख वर्षं झाली."

ती बराच वेळ उभ्यानंच बघत राहिली. हातातलं पीठ वाळून गेलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही उद्योगाकडे तिनं असं बघितल्याचं आठवत नाही. मला वाटलं, वाचला खांब.

मग मी खरं ते सांगितलं. बाळूनं देवघराकडे हात करून शपथ घेतली.

"म्हंजी झाकण लावलेलं व्हतं?"

"होतं."

"वरून गोधडी?"

"होती."

"आन् झाकण काढलं की दिसत न्हाई?"

"नाही दिसत."

ती म्हणाली, "मग गच्ची कशाला पायजे? झाकूनच काढायचंय तर मागल्या खोलीत काढा की."

बाळू इतका हसला की चहा नाकात गेला. मी म्हणालो, अगं तसं नसतं ते. "मग कसं असतंय?" ती म्हणाली. तिची थट्टा नव्हती, ती खरंच विचारत होती. मी कागदावर दुर्बिणीचं चित्र काढलं, तोंडावर झाकण रेखाटलं, आणि उजेडाची रेघ झाकणाशीच अडली. स्वतःलाच समजावता न येणाऱ्या फोटोवर पैज कसली जिंकणार? संक्रांत झाल्यावर मीच पहार घेतली आणि माझा खांब मीच पाडला.

दुर्बीण मागच्या खोलीत गेली, ज्वारीच्या कोठ्यांशेजारी. हसू नका, पण एका संध्याकाळी दार-खिडकी लावून, हिशेबानं दिशा धरून मी तिथंही झाकण लावून फोटो काढले. मिट्ट काळं. परसात नेली, झाकण लावलं. काळं. झाकण काढलं, तर तिथं पुसटसा राखाडी डाग, पुस्तकात सांगतात तसा, कुठल्याही नवशिक्याला येतो तसा. काळे फोटो वजा केले, डाग स्वच्छ निघाला. सगळं नियमाप्रमाणे. मी इतका वैतागलो होतो की सांगवत नाही!

तो डाग शोभाला दाखवला. म्हणाली, "ह्यो कशाचा?"

"तीच आहे. ही खरी."

"आसंल," म्हणाली, आणि पुढं काही नाही.

जाणकारांना विचारून झालं. एक म्हणाले, फाइलींची नावं बदलली असतील. एक म्हणाले, सेन्सरवर आधीची छाप राहिली असेल. आधी कधी आलीच नव्हती हो, छाप कशाची राहणार? बाकीचे विनम्रपणे गप्प बसले, त्याचा अर्थ मला कळतो. बाळू हल्ली आला की पाऊसपाण्याचं बोलतो. राग येतो तो ह्याचा की जमत होतं त्या संध्याकाळी आणखी तपासायला हवं होतं. दुसरं झाकण लावून बघायचं, दुसरी दीर्घिका धरायची. आम्ही दोन बाप्ये नुसते घाबरून खाली आलो. कुणाला नीट उत्तर सापडलं तर जरूर लिहा. "भास झाला असेल" सोडून काहीही चालेल. भास मेमरी कार्डात जात नाही.

परवा गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या. मी वर गेलो, तर पाय ठेवायला जागा नव्हती. कडेनं जाऊन शोभाला हळूच विचारलं, "तुला काय वाटतं, काय असेल ते?"

तिनं सोऱ्या फिरवायचा थांबवला नाही. "इतक्या लाख वर्सांचं चालत आलेलं," ती म्हणाली. "डब्याचं झाकण बघून माघारी जाईल व्हय?"

हे काही उत्तर नव्हे, मलाही कळतं. पण याहून बरं मला अजून कुणी दिलेलं नाही.