कौरीपुढे काढलेले बूट

न्यूझीलंडमधल्या नॉर्थलँडच्या जंगलात शिरण्याआधी बूट ब्रशने घासून जंतुनाशकाने धुवावे लागतात, कौरीच्या झाडांना मुळांतून रोग लागू नये म्हणून. काल त्या उग्र वासासरशी अकरा वर्षांपूर्वीचे बाबा समोर उभे राहिले.

पुण्याहून ते पहिल्यांदाच आले होते. माझ्यापेक्षा मन लावून त्यांनी बूट घासले. फळ्यांच्या वाटेने आम्ही त्या अवाढव्य कौरीपुढे पोचलो, तर ते वाकून नाड्याच सोडायला लागले. मोजेही काढले आणि अनवाणी उभे राहून हात जोडले. शेजारची गोरी मंडळी बघायला लागली.

"डॅड, यू कान्ट डू दॅट हिअर!" त्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने मी ओरडलो. एरवी मी त्यांना बाबाच म्हणायचो.

"चुकलं रे," म्हणत ते ओल्या फळीवर बसून मोजे चढवू लागले. त्यानंतर 'कुठे फिरायला ने' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पुन्हा न्यूझीलंडला आलेही नाहीत.

मुळांवर पाय द्यायचा नाही असा तिथे नियम आहे, हे मी आईला कितीदा तरी ऐकवलं. पण बाबांचा पाय फळीवरून खाली उतरलाच नव्हता. ते मला तेव्हाही दिसत होतं.