आत्याची उलांडी

माझ्या आत्याने एकदा डूख धरला की सापानेही तिच्याकडे शिकवणी लावावी. मला तिचा हा गुण फार आवडतो. घरातले बाकीचे त्याला वाईट स्वभाव म्हणतात; पण त्यांच्या माथी कुणी खोटं पाप मारलेलं नाही, म्हणून त्यांना क्षमेचं एवढं कौतुक.

आजोबांचा होड्यांचा कारखाना खाडीकाठी, धक्क्याला लागून. ते गेल्यावर तो आत्याकडे आणि माझ्या धाकट्या काकाकडे आला. होड्या आत्या बांधायची. काका गिऱ्हाइकांना चहा पाजायचा आणि पाटीवर स्वतःचं नाव रंगवायचा. आयत्या बिळावर नागोबा! आत्याची तक्रार नव्हती. हातात लाकूड असलं की तिला पुरे.

आमच्याकडच्या होड्या अरुंद. नुसती पाण्यात सोडली तर कूस पालटेल अशी. म्हणून एका बाजूला, होडीपासून थोडा दूर, एक तरंगता ओंडका असतो आणि तो दोन आडव्या काठ्यांनी होडीला जोडलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. आजोबांचा नियम एकच: उलांडी बांधायची, ठोकायची नाही. काठ्या दोरीने आवळल्या की लाटेबरोबर जराशा हलतात, कुरकुरतात आणि टिकतात. बोल्ट मारले की दिसतं छान, पण काठीला हलायला जागा उरत नाही. मग ती बोल्टच्या भोकापाशी मोडते.

एकदा आत्या तापाने फणफणली होती आणि एका नावाड्याला त्याची नवी होडी द्यायची घाई होती. काकाने ती एकट्याने उरकली, बोल्ट मारून. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात काठी मोडली, होडी उलटली आणि नावाड्याचा पाय होडी आणि धक्का यांच्यामध्ये चेचला. तो पुढे कधी नीट चालला नाही. काकाने मोडकी होडी ओढत नेली, जाळून टाकली आणि लोकांनी विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, "ताईच्या हातची होती. तापात होती बिचारी. मी नको नको म्हणत होतो."

त्या 'बिचारी'चा मला आजही राग येतो. नुसता खोटं बोलला असता तर आत्या भांडून मोकळी झाली असती; याने वर दयाही दाखवली. ती ओरडून खरं सांगू लागली तर लोक म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा. काकाने कारखान्याचं कुलूप बदललं. माझे वडील वयाने या दोघांमधले. ते "तुमचं तुम्ही बघा" म्हणून पेपरात तोंड खुपसून बसले.

आत्या दोन खोल्या भाड्याने घेऊन दुकानांच्या कापडी छपऱ्या शिवू लागली. सगळ्यांना वाटलं, निवली. अहो, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. एक दिवस मी गेले तर घरात प्लायवूडचे तक्ते उभे.

"होडी बांधून काय करणार?" मी विचारलं.

"त्याच्यासमोर रोज फिरवणार."

"आणि?"

"आणि काही नाही. तो माझा भाऊ आहे, मी ओळखते त्याला. त्याला राहवणार नाही."

तक्त्यांच्या कडांना भोकं पाडून तिने ते तांब्याच्या तारेने शिवले आणि शिवणीवरून चिकट रसायनात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवल्या. छपऱ्यांचं उरलेलं हिरव्या पट्ट्यांचं कापड जोडून शीड केलं. ओंडका परवडेना, म्हणून दोन्ही तोंडं बंद केलेला सांडपाण्याचा जाड पाइप उलांडी झाला. होडी खोलीपेक्षा लांब निघाली. तिचं नाक गॅसच्या शेगडीपर्यंत आलं आणि शेपूट खिडकीतून गल्लीत गेलं. त्यावर शेजारीण टॉवेल वाळत घालायची. बाहेर काढताना चौकट कापावी लागली. घरमालक थयथयाट करत आला, तर आत्या म्हणाली, "पडदा शिवून देते. कापड निवडा."

मग ती रोज कारखान्यासमोरून जाऊ लागली. काकाकडे पाहायचीसुद्धा नाही. गिऱ्हाइकं चहाचा कप हातात धरून पाहत राहायची. "उलांडीला पाइप लावलाय हो, पण चालते कशी बघा!" काकाच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या आणि मला त्याचा फार आनंद होत होता.

एक दिवस वारा असा सुटला की कुणी होडी सोडेना. आत्याने सोडली. धक्क्यासमोर तिने येरझाऱ्या घातल्या. कुणीतरी काकाला म्हणालं, "ताई फिरतायत, तुमची नवी होडी शोभेची आहे का?" झालं. काका तडक होडीत बसला. त्याच्या काठ्यांना चकचकीत बोल्ट होते. धक्क्यापासून तो फार लांबही गेला नाही. कडाड आवाज आला, उलांडी एकीकडे, होडी पालथी आणि काका तिला पालीसारखा चिकटलेला. ओहोटी त्याला खाडीच्या तोंडाकडे ओढत होती.

आत्याने शीड उतरवलं आणि दोरी पोहोचेल इतक्या अंतरावर होडी धरून ठेवली.

"ताई, दोरी टाक!"

"नावाड्याच्या होडीला बोल्ट कुणी मारले?"

"ही काय वेळ आहे का?"

"वेळ तुझी जातेय. मला घाई नाही."

"मी मारले! मी!"

"वारा आहे. ऐकू येत नाही."

"मी मारले! तू तापात होतीस, तू हातसुद्धा लावला नव्हतास!"

"मला काय सांगतोस? मला माहीत आहे. तिकडे तोंड कर."

काकाने धक्क्याकडे तोंड केलं आणि घसा फाटेपर्यंत ओरडला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पाय लांब करून बसलेल्या नावाड्यानेही ऐकलं. मग आत्याने दोरी टाकली. काकाला तिने कमरेएवढ्या पाण्यात सोडलं. लोक "ताई, या ना वर" म्हणत पुढे झाले, मी कोरडा टॉवेल घेऊन उभी होते. ती वर आलीच नाही. शीड चढवून पलीकडच्या काठाला निघून गेली.

आता तिथेच तिचा कारखाना आहे. इकडचा माणूस आला की त्याचा नंबर शेवटी. परवा नावाडी आला, मी तिथेच होते.

"चुकलो ताई," तो म्हणाला. "मला एक होडी बांधून द्या."

आत्याचा रंधा चालूच होता. "ती मोडलेली काठी तुमच्या डोळ्यांसमोर होती. बोल्टचं भोक दिसलं नाही?"

तो म्हणाला, "दिसलं होतं. पण तो रोज दवाखान्यात डबा आणत होता."

रंधा थांबला. एवढी वर्षं ती एकट्या भावावर जळत होती.

"मग होडीही त्याच्याकडूनच घ्या," ती म्हणाली.

तो काठी टेकत पायऱ्या उतरला. मी त्याला हात दिला नाही.