लाल ठिपका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ठिपका तिच्याच नेलपॉलिशचा होता, तरीही. सहा वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. सांगतोय.

माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. दोन दारांची, बसकी, जिचे सुटे भाग आता मिळत नाहीत अशी. तिचा अल्टरनेटर गेला — इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करतो, तो. मग दोन महिने मी नुसता संशय घेत बसलो. नेटवर नवा दिसला, तर वाटलं फोटो एक आणि माल दुसराच येणार. पुण्याच्या जुन्या बाजारात एक हाताळला, तर वाटलं आतून जळका असणार, वरून फक्त पुसलाय. एकाची मापं तंतोतंत जुळली, तर त्यावरचा कंपनीचा शिक्काच खोटा वाटला. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विजेचं मला कळतं. माणसांचं?

शेवटी आमच्याच शहरात, स्टेशन रोडला, गुलाबराव मिस्त्रींकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचं केस पिकेपर्यंतचं आयुष्य गेलेलं. त्यांनी माझा अल्टरनेटर काढला, कानाशी धरून हाताने फिरवला.

“सर, ही बॉडी कंपनीची हाय, टाकू नका,” म्हणाले. “तुमचं इंजिन लई जोरात फिरतंय. नकली मालाचं बेअरिंग त्याला टिकायचं न्हाई. आतलं सगळं मी नवं भरतो.”

सल्ला सरळ होता. मला तो सरळ का वाटला नाही? नवा घेऊ नका म्हणतोय — म्हणजे याला माझी कंपनीची बॉडी ठेवून घ्यायची असेल. दुसरीच कुठली तरी घासूनपुसून मला द्यायची असेल.

माझे वडील घोडेगावच्या बाजारात म्हैस ठरली की दावं हातात येण्याआधी तिच्या शिंगावर चाकूने बारीक चीर पाडायचे. चहा पिऊन येईपर्यंत जनावर बदलतं, म्हणायचे. मीही तेच केलं. मिस्त्री चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा फळीवर पडलेल्या अल्टरनेटरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवला. बाटली घरूनच खिशात घालून नेली होती. म्हणजे — संशय मी घरूनच घेऊन निघालो होतो.

चार दिवसांनी गाडी मिळाली. सावेडीत घरी आणली, बॉनेट उघडलं, ठिपका शोधला. नव्हता. अल्टरनेटर चकचकीत, आणि ठिपका नाही. वायर ओढून, वाकवून, मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. नव्हताच. दुसऱ्या दिवशी घोडेगावला लग्नाला निघालो, तर पांढरीच्या पुलाजवळ बॅटरी चार्ज होत नसल्याचा दिवा लागला. मला राग यायला हवा होता. खरं सांगू? बरं वाटलं. माझं खरं ठरलं होतं.

लग्नाला गेलोच नाही. तसाच परत फिरलो आणि दुकानात चार-पाच गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, तुम्ही माझा अल्टरनेटर बदललात. एक टेम्पोवाला हसला. “काय मिस्त्री, घोडेगावच्या म्हशीवानी डायनामो बदलला व्हय?” सगळेच हसले. मिस्त्रींनी हात पुसले.

“तुमचाच हाय, सर. काढून दाखवतो. घटकाभर बसा.”

मी बसलो नाही. का बसलो नाही? तो काढला असता तर कळलंच असतं. कदाचित म्हणूनच.

जुन्या गाड्यावाल्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी सगळं लिहिलं, मिस्त्रींच्या नावासकट. सर लिहितायत म्हणजे खरंच असणार, असं तिथे म्हणतात.

रविवारी दुपारी मी स्वतःच अल्टरनेटर काढायला घेतला. आधी मागची वायर दिसली — नट ढिला. ठिपका शोधताना मीच ओढली होती ती. दिवा त्यानेच लागला होता. मग दोन बोल्ट काढले, अल्टरनेटर बाहेर घेतला, उलटा केला.

ठिपका होता. बसवल्यावर इंजिनाकडे जाणारी बाजू होती ती. फळीवर पडलेला असताना तीच वर आली होती, एवढंच. पण मी सांगतोय ते हे नाही. सगळी बॉडी ब्रशने घासून लख्ख केलेली होती, आणि ठिपक्याभोवती अंगठ्याएवढा चौकोन — जुनं काळं तेल तसंच ठेवलेलं. तेवढी जागा जपून सोडलेली. मिस्त्रींनी खूण पाहिली होती. कशासाठी केली तेही ओळखलं होतं. मला सापडावी म्हणून ती राखली होती.

आणि त्या दिवशी दुकानात, सगळे हसत असताना, खूण मागच्या बाजूला आहे एवढंच ते म्हणाले असते तरी पुरलं असतं. ते म्हणाले नाहीत. म्हटलं असतं, तर सरांनी चोरून खूण केली होती हे सगळ्यांना कळलं असतं.

मी काय केलं? बायकोचं रिमूव्हर आणलं. कापसाने ठिपका पुसला. अल्टरनेटर परत बसवला, नट घट्ट केला. ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुकानातही गेलो नाही. ग्रुपमधल्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या थांबल्या, मग इतरांच्याही. वर्षभरात दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. मिस्त्री आता एका साखर कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांचं काम बघतात, असं ऐकतो.

अजूनही ग्रुपवर कुणीतरी विचारतं — जुन्या, जोरात फिरणाऱ्या इंजिनाला भरवशाचा अल्टरनेटर कुठला घ्यावा? मी लिहितो, नवा घेऊ नका, कंपनीची बॉडी टाकू नका, आतलं नवं भरून घ्या. लोक आभार मानतात. कुणाकडून भरून घ्यायचं, विचारतात. तिथे मी उत्तर देत नाही.

माझ्या गाडीत तोच आहे. सहा वर्षांत दिवा पुन्हा लागलेला नाही. ठिपका मी पुसला. भोवतीचा काळा चौकोन अजून तसाच आहे, इंजिनाकडच्या बाजूला.