ज्याची गाठ, त्यानंच सोडायची

माणसं गाडी हिंडण्यासाठी घेतात, हा माझा भाबडा समज आमच्या थोरल्या साडूंनी कायमचा मोडून काढला. त्यांनी गाडी घेतली ती बॉनेट उघडण्यासाठी. मधूनमधून ते बॉनेट लावून कुठंतरी जाऊनही येतात, पण ते केवळ इंजिन पुन्हा मळावं म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

कळंबला त्यांची धान्याची आडत आहे. दिवसभर ज्वारीच्या कोंड्यात बसणारा हा माणूस स्वतःचा सदरा कधी झटकत नाही, पण इंजिनावर एक कण दिसला की त्याला जेवण गोड लागत नाही. आणि बाहेरून गाडी बघाल तर दारांवर गेल्या पावसाळ्याचा चिखल, मागच्या काचेवरच्या धुळीत कुण्या कार्ट्यानं बोटानं काढलेलं गाढव अजून जसंच्या तसं. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, वरून तरी एकदा पाणी मारा म्हणून सांगून थकली. साडूंचं उत्तर ठरलेलं. "लोक तोंडाला बघत्यात. आपुन पोटाला बघावं." खंडेनवमीला सगळं गाव गाड्यांना बाहेरून झेंडूचे हार घालतं. आमचे साडू बॉनेट उघडून हार आत धरतात, इंजिनाला दाखवतात आणि परत काढून घेतात, पाकळी पडायला नको म्हणून. नारळ फोडायचा तोही चार हात लांब.

रविवारी सकाळी चहा झाला की धुणं सुरू. आधी इंजिनावर तळहात टेकवून ताप बघायचा. अक्काला ताप आला तर हा माणूस "गोळी घे" म्हणून आडतीवर जातो, इंजिनाचा मात्र डोळे मिटून बघतो. गरम इंजिनावर पाणी टाकणारा त्यांच्या लेखी कसाई. इंजिन गार लागलं की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. मग जिथं पाणी जाऊ नये त्या प्रत्येक जागी, डायनामो म्हणू नका, फ्यूजची पेटी म्हणू नका, पिशवी गुंडाळून सुतळीची गाठ मारायची. पिशव्या कसल्या, तर अक्कानं जपून ठेवलेल्या साड्यांच्या दुकानांच्या. मग मऊ ब्रश, साबणाचा फेस, पाण्याचा नुसता शिडकावा, आणि शेवटी फडक्यानं असं पुसायचं की न्हाऊ घातलेल्या बाळालाही हेवा वाटावा. शेजाऱ्यानं एकदा ही सगळी भानगड टाळून फवारणीच्या पंपानं इंजिन धुतलं. त्याच्या गाडीचा हॉर्न जो आपोआप सुरू झाला तो दुपारपर्यंत थांबेना. अख्खी गल्ली कानांवर हात ठेवून बसली होती, आणि आमचे साडू गच्चीत खुर्ची टाकून मैफल ऐकावी तसे मान डोलावत होते.

मी लोहाऱ्याहून त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो की माझा दात घासायचा ब्रश नाहीसा होतो. पहिल्यांदा मी सगळं घर पालथं घातलं. तो सापडला बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासताना, साडूंच्या हातात. शरम वगैरे काही नाही. "तुमचा लई मऊ हाय हो," म्हणाले, आणि मला दातांसाठी कडुनिंबाची काडी दिली. तेव्हापासून मी दोन ब्रश घेऊन जातो.

या कारभारात दुसऱ्या कुणाला प्रवेश नव्हता, अपवाद एकच, त्यांची एकुलती एक लेक रेणू. हवा आत ओढणाऱ्या नळीचं तोंड अडचणीच्या कोपऱ्यात आहे. तिथं साडूंचा पंजा जात नसे, रेणूचा चिमुकला हात जायचा. म्हणून त्या तोंडावर पिशवी बांधायचं काम तिचं. पुढं ती इंजिनिअर झाली, तरी ती जागा तिचीच राहिली. आणि नियम असा, की ज्याची गाठ, त्यानंच सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावला, की कुणी काय सोडलं याचा मेळ लागत नाही, असं साडूंचं म्हणणं. तिनं गाठ सोडली का, हे तपासणंही त्यांना तिचा अपमान वाटायचा.

गेल्या साली रेणूला नागपूरला नोकरी लागली. हजर व्हायच्या आदल्या संध्याकाळी धाराशिवहून रेल्वे होती. त्या आठवड्यात साडू तिच्या जाण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी इंजिन धुवायला काढलं, तेही रविवार नसताना. रेणूनं आपली पिशवी बांधली, तेवढ्यात अक्कानं लाडवांचे डबे भरायला तिला आत बोलावलं, आणि ती आतच अडकली. साडूंनी स्वतःच्या गाठी सोडल्या, बॅटरी जोडली आणि बॉनेट लावलं.

निरोपाला म्हणून मीही गाडीत होतो. हळू होती तोवर गाडी कशीबशी चालली. ढोकीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीला मागं टाकायला साडूंनी जोर दिला आणि गाडीनं धाप लागून रस्त्यातच मान टाकली. बॉनेट उघडलं. साडूंनी सगळं हात लावून पाहिलं, फक्त तो कोपरा सोडून. शेवटी रेणू खाली उतरली, तिनं आत हात घातला आणि तिचा चेहराच उतरला.

"आप्पा, माझी राहिली."

पिशवी नळीच्या तोंडाला घट्ट चिकटली होती. मला रेल्वेची घाई. म्हटलं फाडून टाकतो, आणि हात पुढं केला. साडूंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला इतकी ताकद आहे हे मला तेव्हा कळलं.

"थांबा. तिची गाठ हाय."

सुतळी भिजून आवळली होती आणि रेणूच्या डोळ्यांत पाणी, तिला गाठ सापडेना. बाजूनं ट्रॉल्या चालल्या होत्या. मी घड्याळ बघत होतो, साडू लेकीकडं.

"सोड हळूहळू," ते म्हणाले. "रेल्वे चुकली तर चुकली."

आठवडाभर त्या माणसाच्या पोटात काय होतं ते मला त्या एका वाक्यात कळलं आणि मी घड्याळ बघणं सोडून दिलं. शेवटी गाठ रेणूनंच सोडली, आणि रेल्वेही चुकली नाही. रेणू गेली. ती पिशवी साडूंनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

परवा कळंबला गेलो. सवयीनं दोन ब्रश नेले होते, त्यातला साडूंसाठीचा माझ्या सामानात तसाच राहिला. मी होऊन बॉनेट उघडलं, तर इंजिनावर कोंड्याचा थर. म्हटलं, चला धुऊ, कोपऱ्यातली पिशवी मी बांधतो, माझा हात बारीक आहे.

"राहू द्या," साडू म्हणाले. "दिवाळीला येनार हाय ती. तवा धुऊ."

तरी त्यांनी सवयीप्रमाणं इंजिनावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार हाय," म्हणाले, आणि हळूच बॉनेट लावलं.