घरचं स्पेलिंग, बाहेरचं स्पेलिंग

शमीमबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. रविवारची सकाळ होती. आदल्या रविवारचं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि आठवडाभर घासूनपुसून मी एक उत्तर तयार केलं होतं. असं, की बाईंना हातातला कप खाली ठेवावा लागला असता. त्यांचा मुलगा म्हणाला, "मावशी, अम्मी गेली. पहाटे, झोपेतच." मी म्हणाले, "अरे, पण आज क्लास आहे." काय ही अक्कल! पण तोंडात आधी तेच आलं. मेथी तशीच टाकून मंडईमागच्या त्यांच्या घरी गेले, बायकांमध्ये जाऊन बसले. सगळ्या रडत होत्या आणि मी... मी माझं उत्तर तोंडात धरून बसले होते. त्याला आता काही आठवडे झाले. ते उत्तर आठवतं, पण पटत नाही. नवं सुचतं, ते दुपारपर्यंत टिकत नाही. नात म्हणते, "आजी, तू फार रेस्टलेस झालीयेस, मेडिटेशन कर." आता हिला काय सांगू? डोळे मिटले की भांडण जास्तच मोठ्यानं ऐकू येतं.

भांडणाचा विषय सांगितला तर हसाल. इंग्रजीचं स्पेलिंग. ते सोपं करावं, ऐकू येतं तसं लिहू द्यावं, म्हणजे पोरांचे हाल थांबतील, हे शमीमबाईंचं म्हणणं. आणि त्यातलं एक अक्षरही हलवू नये, हे माझं. यावरून आम्ही शाळेत भांडलो, बसस्टॉपवर भांडलो, एकमेकींच्या मुलांच्या लग्नात पंगतीला बसून भांडलो, आणि एकदा तर माझं ऑपरेशन झाल्यावर त्या भेटायला आल्या तेव्हा नर्सनं येऊन "पेशंट कोण आहे?" असं विचारलं होतं.

नारायण पेठेतल्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी इंग्रजी शिकवायचो. मी आधी लागले. तेव्हाची मी, म्हणजे ती शिंदेबाई, आज समोरून आली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाईन. कडक स्टार्चची साडी, टकटक चपला, आणि लाल पेन असं धरलेलं, की जणू विलायतेहून खास तिच्या नावानं पार्सल आलंय. दर शनिवारी डिक्टेशन. पोरांचे चेहरे उतरले की हिला वाटायचं, वा, इंग्रजी सुधारलं! शमीमबाई नंतर आल्या. मंडईत पिढ्यान्‌पिढ्या फळांचा व्यापार करणाऱ्या बागवानांच्या घरातल्या. आवाज बारीक, बोलणं शांत, आणि टोमणा असा, की तो संध्याकाळी घरी पोचल्यावर लागावा. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी मी तपासलेला एक निबंध उचलला. पान लालभडक झालेलं. त्या वाचत गेल्या आणि मध्येच खुदकन हसल्या. "शिंदेबाई, यात एक बैल सुटलाय. थेट भाजीच्या गाळ्यात शिरलाय. दिसला का तुम्हाला?" मी म्हणाले, "मला चुका दिसल्या." "हो, त्याही आहेत. पण बैल मोठा होता हो." घंटा झाल्यावर मी ते पान गुपचूप पुन्हा वाचलं. होता बैल. चांगला शिंगांसकट.

त्यांचं म्हणणं मुळात साधं होतं. आपलं पोर बाराखडी शिकलं की दुकानांच्या पाट्या वाचत सुटतं. तेच पोर इंग्रजीपुढे वर्षानुवर्षं मान खाली घालून बसतं, आणि शेवटी त्याला वाटायला लागतं की आपल्याच डोक्यात काही कमी आहे. "ही मुकी अक्षरं म्हणजे नको असलेले पाहुणे आहेत," त्या म्हणायच्या. "येऊन बसतात, बोलत काही नाहीत, आणि उठतही नाहीत." मी म्हणायचे, "पेपर तपासणारा काय तुमचा मामा लागतो?" त्या म्हणायच्या, "मामा नाही, म्हणूनच तर नियम बदलायला हवा."

मी एवढी का पेटायचे, हे त्यांनीच शोधून काढलं. मी हडपसरची, शेतकऱ्याच्या घरातली. तेव्हा हडपसर गावच होतं, आणि आमच्या घरात सगळं "हाय" आणि "न्हाय". कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पेठेतल्या एका मुलीनं माझं बोलणं मला करून दाखवलं, हेलासकट. सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि मग बोलणं कमी करून स्पेलिंग पाठ करायला लागले. पाठ कशी, तर आपल्याकडची पोरं करतात तशीच, अक्षरं मराठीत ओढून ताणून... वेड-नेस-डे! शिक्षिका झाले तरी फळ्यावर तारीख लिहिताना ओठ हलायचेच. एका बुधवारी शमीमबाईंनी ते दारातून पाहिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर बुधवारी सगळ्यांदेखत विचारायच्या, "शिंदेबाई, आज वार कुठला हो?" शेवटी एकदा मी चिडून सांगून टाकलं. म्हटलं, तोंड उघडलं की माझं गाव कळतं. कागदावर गाव ऐकू येत नाही. स्पेलिंग सगळ्यांनाच सारखं अवघड. ते एकदा आलं की पेठेतली ती आणि मी एकाच पायरीवर. ती पायरी तुम्ही काढायला निघालात. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचंत. मी जरा बेताबेतानं भांडले असते."

निवृत्तीनंतर त्यांना चैन पडेना. आमच्या हडपसरच्या सोसायटीत पार्किंगशेजारी एक खोली रिकामी होती. चेअरमन माझाच मुलगा, त्यामुळे परवानगी म्हणजे दोन वेळा रागावून बोलणं, इतकंच. तिथं दर रविवारी आसपासच्या वॉचमन, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या मुलांचा क्लास सुरू झाला. शमीमबाई मंडईतून बसनं यायच्या, पिशवीत पोरांसाठी हंगामात जे असेल ते फळ. त्यांची पद्धत अशी, की आधी घरचं स्पेलिंग, मग बाहेरचं. घरात आपण साध्या कपड्यांत असतो, तसं आधी कानाला ऐकू येईल तसं लिहायचं, पेन्सिलीनं, न थांबता. मनातलं सगळं उतरलं की मग बाहेर जायचे कपडे. ते चढवायला त्या मला बोलवायच्या. "या, तुमची इस्त्री गरम झाली असेल." नात एकदा म्हणाली, "पण हे सगळं कशाला? फोन ऑटो करेक्ट करतो ना." शमीमबाई म्हणाल्या, "मग दहावीलाही त्यालाच बसव."

आणि गंमत बघा... त्या खोलीत बसून बसून मीच फितूर झाले. तिथली पोरं पानंच्या पानं लिहायची. सगळ्यांत जास्त पायल. समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनची मुलगी, सहावीतली. गावाकडची आजी, बसमध्ये सांडलेलं दूध, लिफ्टमध्ये अडकलेल्या एका साहेबांचा रडका आवाज... काय काय लिहायची! मी लाल पेन पर्समधून काढायचं विसरायला लागले.

मग पायलनं शाळेच्या इंग्रजीच्या चाचणीत असंच भरभरून लिहिलं, घरच्या कपड्यांत. तिथल्या बाईंनी तिला उभं करून तिचा पेपर वर्गापुढे वाचला, जसा लिहिला होता तसा. वर्ग हसला. पुढच्या रविवारी पायल आली, पण पेन्सिल हातात घेईना. तोच तो शेवटचा रविवार. मुलं गेल्यावर शमीमबाई म्हणाल्या, "आजपासून घरचं स्पेलिंग बंद. पहिल्या दिवसापासून बाहेरचंच."

मला खरंच धक्का बसला. "इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत, आणि आता?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कागदावर गाव ऐकू येत नाही? पायलचं ऐकू आलं, शिंदेबाई. अख्ख्या वर्गाला ऐकू आलं."

"मग वर्गाचे कान उपटा. पोरीचा हात कशाला धरता?"

"जग बदलावं असं मला वाटतं, आणि त्याचा दंड ती भरतेय. जग शहाणं होईपर्यंत ती दहावीला बसेल."

म्हणजे माझंच भांडण त्या माझ्याशी भांडत होत्या, आणि त्यांचं मी. आम्हाला दोघींना ते कळलंही, पण हसलो नाही. त्या चहा न घेता उठल्या. बस आली तेव्हा म्हणाल्या, "उत्तर तयार ठेवा."

ठेवलं होतं. पण त्या माझी बाजू घेऊन गेल्या आणि त्यांची माझ्याकडे ठेवून गेल्या, आणि ती धड सांभाळता येत नाही. पायलला घरच्या स्पेलिंगात लिहू दिलं, तर पुन्हा हसतील. नाही दिलं, तर... ते मी गेल्या रविवारी पाहिलं. क्लास आता बंद कर, असं माझा मुलगा म्हणत होता. मी किल्ली घेऊन खाली उतरले. पायल आली होती. मी काही विषय दिला नाही, फक्त लिही म्हटलं. तिनं इंग्रजीत लिहिलं: मी मुलगी आहे. मी शाळेत जाते. माझी शाळा मोठी आहे. एकही चूक नाही. तेव्हाच्या शिंदेबाईनं त्या पानावर चांदणी काढली असती. मला मात्र ते पान बघवेना. येत होते तेवढेच शब्द निवडून तिनं स्वतःला त्यांच्यात घडी घालून ठेवलं होतं.

शमीमबाई कधी पोरांच्या समोर बसत नसत. शेजारी बसत, बुटक्या बाकावर, गुडघे पार हनुवटीला लावून. मी जन्मभर समोर बसलेली बाई. त्या दिवशी शेजारी बसले. गुडघ्यांनी जो आवाज केला त्यानं दोन मुलं वळून बघायला लागली. विचारलं, "पायल, शमीमबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा काय झालं होतं?"

"सांगू?"

"लिही."

"स्पेलिंग कुठलं, आजी? घरचं का बाहेरचं?"

मी वहीचं कोरं पान तिच्यापुढे केलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती लिहायला लागली. तीन-चार शब्द नीट गेले. मग एक लांबलचक शब्द आला, तो तिनं घाईघाईनं लिहिला आणि त्यावर डावा तळहात ठेवला.

"चुकलंय," ती म्हणाली.

माझा हात पर्सकडे गेला होता, सवयीनं. तो मी मांडीखाली दाबून धरला.

"असू दे. पुढे काय झालं?"

तिनं तळहात काही काढला नाही. पण पेन्सिल त्याच्या पलीकडून पुढे सरकली.