साडेतीन ते चार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण आज सांगितलं नाही तर उद्या धीर होणार नाही — आणि उद्या फार उशीर झालेला असेल.

मी पाटबंधारे खात्यात आहे. कालव्याच्या पाण्याची पातळी नोंदवणं हे काम. न पाहिलेला आकडा मी आजवर कधी लिहिला नाही. म्हणजे, नोकरीत.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतली एस्तेरमावशी मिरजेला दवाखान्यात होती. न्यूमोनिया. डॉक्टरांनी आशा सोडलेली. तेव्हा आम्ही साखळी प्रार्थना ठेवली — सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, प्रत्येकानं आपापल्या घरी अर्धा तास. एकाचा संपला की दुसऱ्याचा सुरू. साखळी तुटता कामा नये. चोवीस जणांचा तक्ता मीच आखला. प्रत्येकाला वेळ झाली की फोन करायचा, झालं की लाल पेनानं खूण करायची — हेही माझंच काम. विसाव्या रकान्यात माझं नाव होतं. साडेतीन ते चार.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं? सांगतो. खुर्चीत बसलो, तर समोर टीव्हीवर मॅच चालू होती. सात षटकांत एकसष्ट धावा हव्या होत्या. एक षटक बघू, मग बसू, असं म्हटलं. मग आणखी एक. बायबल मांडीवरच होतं — उघडलं नाही. चार वाजता पुढच्या माणसाला फोन केला, "माझं झालं, तुम्ही बसा." आणि खूण केली.

मावशी वाचली.

महिन्याभरानं रविवारच्या उपासनेत ती प्रभूनं बरं केल्याची साक्ष द्यायला उभी राहिली. "माज्या छातीवरचं वझं कुनीतरी उचलल्यावानी झालं बगा. नर्सबाईला टाइम इचारला, तर साडेतीन वाजून गेल्यालं." मग सगळ्यांकडं बघून म्हणाली, "आवं, तवा कोन बसलं हुतं?"

तक्ता माझ्याच बायबलमध्ये होता. मी तो बाहेर काढला नाही. बायकोनं अभिमानानं सांगितलं, "हेच होते की!" मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गड्या, तुझी लाइन थेट वर लागती की रं!" सगळी मंडळी हसली. मीही हसलो — हे त्या मॅचपेक्षा वाईट, नाही का?

पुढं मला चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात घेतलं. माझं नावच साडेतीनवाले भाऊ पडलं. लोक आजारी माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात देतात. तेव्हापासून मी रोज साडेतीनला बसतो. कालव्यावर असलो तर झाडाखाली. एक दिवस चुकवलेला नाही. लोक म्हणतात, भाऊ प्रभूच्या फार जवळ गेले. जवळ? जितका पुढं सरकतो तितकी ती खुर्ची, तो टीव्ही स्पष्ट दिसायला लागतो. साखळी तुटलेली होती, तरी प्रभू आला. मावशीच्या खाटेपाशी उभा राहिला. म्हणजे त्याच वेळी त्यानं माझ्या घरातही पाहिलंच असणार. मला त्याची भीती वाटते. प्रार्थनेत "हे पित्या" म्हणतो आणि घाईनं चिठ्ठ्यांवरच्या नावांकडं वळतो.

परवा मावशीचा फोन आला. पुन्हा त्याच दवाखान्यात, या वेळी हृदयाचं ऑपरेशन. "साखळी-बिखळी नगं रं आता. समद्यांना कशाला तरास? तू एकला बस. तू बसलास की मला भ्या न्हाई."

"बसतो, मावशी," म्हणालो.

दोन दिवस हिशेब मांडतोय. सांगितलं आणि तिचा धीर खचला तर? नाही सांगितलं, तर ती माझ्या खोट्यावर विसंबून टेबलावर जाणार. दोन्हीकडं मला तीच दिसते.

आज साडेतीनला बसलो. "पित्या, त्या दिवशी मॅच चालू होती," एवढंच तोंडातून आलं. अकरा वर्षांत हे त्याला पहिल्यांदा म्हणालो. चार वाजेपर्यंत तसाच बसून होतो.

ऑपरेशन उद्या सकाळी नऊला आहे. आजची संध्याकाळची सव्वापाचची मिरजेची एसटी मिळेल. तक्ता घडी करून खिशात घेतलाय. लाल खूण असली तरी विसावा रकाना रिकामा होता, हे मावशीला माझ्या तोंडून कळायला हवं.